नायिकेचा शेवट कोण लिहितं? (अमेरिकन लेखिका वाचताना)

ईशान्या
नमस्कार मंडळी. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला अमेरिकन लेखिकांवर प्रकल्प करायचा आहे. नोकरी करत बाहेरून शिकतेय, त्यामुळे वर्गात बसून वाद घालायला कुणी मिळत नाही. इथे चांगले वाचणारे लोक आहेत, म्हणून धागा काढतेय.

चार गोष्टी पाठोपाठ वाचल्या. लुइसा मे अल्कॉटचं 'लिटल विमेन', शार्लट पर्किन्स गिलमनची 'द यलो वॉलपेपर' ही कथा, केट शोपँची 'द अवेकनिंग' आणि झोरा नील हर्स्टनची 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड'. सलग वाचल्याने एक गोष्ट फार टोचली. अल्कॉटच्या ज्योचं लग्न लागतं. गिलमनची बाई वेडी होते. शोपँची एडना समुद्रात पोहत जाते ती परत येत नाही. एकट्या जेनीला हर्स्टन जिवंत, आपल्या पायांनी स्वतःच्या घरी परत आणते, आणि ते साल उजाडतं १९३७.

माझं म्हणणं असं, की हे शेवट एकट्या लेखिकांचे नाहीत. प्रकाशक, मासिकाचा संपादक, पत्रं पाठवणारे वाचक, सगळ्यांचा हात त्या शेवटच्या पानावरून फिरलाय. साहित्यातली बाईची भूमिका शोधायची तर नायिका कशी रंगवली एवढ्यावर भागत नाही. तिचं शेवटचं पान कुणाच्या ताब्यात होतं तेही बघायला हवं. मार्गदर्शक म्हणतात, विषय फार पसरट आहे. तुम्हाला काय वाटतं? आणि 'लेखिका' असं वेगळं काढून वाचावं का?

अबोली२२
शांताबाई शेळक्यांची 'चौघीजणी' ('लिटल विमेन'चा अनुवाद) वाचून वाढलेल्या सगळ्यांनी इथे हजेरी लावा! ज्यो आणि तिचा शेजारी मित्र लॉरी यांचं लग्न झालं नाही याचं दुःख मला आजही आहे.

कट्टेकरी
हजर! आमच्याकडे तिघी बहिणी आणि 'चौघीजणी'ची प्रत एकच. 'ज्यो मी' म्हणून तिघी भांडायच्या. गोष्टीत मरणारी बेथ व्हायला कुणीच तयार नसायचं, मग तो मान धाकटा भाऊ म्हणून माझ्याकडे यायचा.

मुक्ता_ठाणे
अबोली, तुझं दुःख अल्कॉटच्या काळातल्या मुलींनाही होतं, आणि तिथेच ईशान्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. 'लिटल विमेन'चा पहिला भाग १८६८ मध्ये आला. त्यात थोरल्या मेगचं लग्न ठरतं, बाकीच्या मोकळ्याच असतात. मग मुलींची पत्रं यायला लागली, कुणाचं लग्न कुणाशी होणार म्हणून. अल्कॉटने तेव्हा रोजनिशीत लिहिलंय, की जणू बाईच्या जन्माचं तेवढं एकच सार्थक असल्यासारखं विचारतात. कुणाला खूश करायला मी ज्योचं लग्न लॉरीशी लावणार नाही. १८६९ च्या दुसऱ्या भागात तिने ज्योसाठी प्रोफेसर भेअर आणला. तिला स्वतःला ज्यो लिहिणारी, अविवाहित राहिलेली हवी होती. अल्कॉट स्वतः तशीच राहिली आणि लेखणीवर अख्खं घर पोसलं. वाचकांना लग्न हवं होतं, तिने दिलं, पण त्यांच्या पसंतीचा नवरा दिला नाही. हा मला तरी खमका शेवट वाटतो.

शब्दवेल्हाळ
मला हे 'लेखिका' वगैरे खाते मान्य नाही. चांगलं साहित्य ते चांगलं साहित्य. एलिझाबेथ बिशप ही मोठी अमेरिकन कवयित्री; फक्त बायकांच्या कवितांच्या संग्रहात आपली कविता द्यायला ती नकार द्यायची. तिला वेगळं पान नको होतं. आपण का वाढून द्यावं?

गोदाकाठ
शब्दवेल्हाळ, बिशपचा मुद्दा रास्त आहे. पण वेगळं पान अभ्यासकांनी मांडायच्या आधीच मांडलं गेलं होतं. १८५५ मध्ये कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्नने आपल्या प्रकाशकाला पत्र लिहिलं, त्यात 'खरडणाऱ्या बायकांच्या' झुंडीला शिव्या घातल्या आहेत. कारण उघड होतं. त्या बायकांची पुस्तकं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त खपत होती. तीनच वर्षं आधी हॅरिएट बीचर स्टोचं 'अंकल टॉम्स केबिन' हे गुलामगिरीविरुद्धचं पुस्तक आलं आणि पहिल्याच वर्षी अमेरिकेत त्याच्या तीन लाख प्रती गेल्या. म्हणजे बायका लिहीत होत्या, छापल्या जात होत्या, घरोघर वाचल्या जात होत्या. पुढे विद्यापीठांचे अभ्यासक्रम ठरले तेव्हा हॉथॉर्न आत राहिला आणि त्या बाहेर पडल्या. गळालेल्यांना परत आणायचं तर नाव घेऊनच बोलवावं लागतं.

ईशान्या, बार्बरा वेल्टरचा १९६६ चा निबंध जरूर वाच. एकोणिसाव्या शतकातली मासिकं आणि धर्मपुस्तकं चाळून तिने दाखवलं, की 'खऱ्या स्त्री'कडून चार गुण अपेक्षित होते: धर्मनिष्ठा, शुचिता, आज्ञाधारकपणा आणि घरगुतीपणा. 'गोडीज लेडीज बुक' हे त्या विचारांचं मोठं मासिक, १८६० च्या सुमारास दीड लाख खपाचं. त्याची संपादक होती सारा जोसेफा हेल, पाच मुलांची विधवा आई, लेखणीवर पोट भरणारी. बायकांनी शिकावं म्हणून ती आयुष्यभर झटली आणि बायकांना मताधिकार देऊ नये असंही म्हणत राहिली. त्यामुळे शेवटच्या पानावर हात फिरवणारे सगळे पुरुषच होते असं समजू नकोस.

रानफूल
गोदाकाठ सर, हेलबाईंची माहिती नवीन आहे. वाचनखूण साठवली.

न्यूजर्सीकर
मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कर्डला अल्कॉटचं ऑर्चर्ड हाउस बघून आलोय. तिच्या खोलीत दोन खिडक्यांच्या मधोमध भिंतीला ठोकलेली अर्धगोल फळी आहे, वडिलांनी करून दिलेली. ते तिचं टेबल. वही ठेवली की कोपर टेकायला जागा उरणार नाही इतकं लहान. 'लिटल विमेन' त्यावर लिहिलं. वडील मोठे विचारवंत, पण कमाईच्या नावाने शून्य. त्यांनी लेकीला टेबल दिलं आणि त्या टेबलावर लेकीने त्यांचं कर्ज फेडलं. मी बराच वेळ त्या फळीपाशी उभा होतो.

आता ईशान्याच्या कामाची गोष्ट. 'लिटल विमेन'च्या आधी ही बाई ए. एम. बार्नार्ड या नावाने साप्ताहिकांत सनसनाटी कथा लिहायची. ते नाव तिचंच, हे लिओना रोस्टेनबर्ग यांनी जुन्या पत्रव्यवहारावरून शोधलं आणि १९४३ मध्ये छापलं. त्यातली 'बिहाइंड अ मास्क' (१८६६) वाचा. जीन मुइर नावाची गव्हर्नेस एका श्रीमंत घरात येते. एकोणिसाची म्हणून आलेली, असते तिशीची, आधी नाटकात काम करणारी. पहिल्याच रात्री खोलीचं दार लावून ती केसांचे गंगावन काढते, खोटे दात काढते आणि आरशासमोर बसते. पुढे घरातल्या एकेका पुरुषाला गुंडाळते आणि शेवटी घराण्यातल्या सगळ्यात मोठ्या, पदवीवाल्या सर जॉनशी लग्न करून मोकळी होते. भांडाफोड होतो, पण उशिरा. तिला शिक्षा नाही, पश्चात्ताप नाही. लेखिका तीच, काळही तोच. फक्त मुखपृष्ठावर स्वतःचं नाव नव्हतं.

ईशान्या
बाप रे! न्यूजर्सीकर, हे मला हवं होतं! नाव झाकलं तर शेवट बदलतो. आणि याला शोपँची जोड मिळते. 'द अवेकनिंग' १८९९ ची, समीक्षकांनी झोडपलेली. पण त्याच्या आदल्या वर्षी तिने 'द स्टॉर्म' ही कथा लिहिली. वादळात अडकलेली कॅलिक्स्टा ही विवाहित बाई, पूर्वीचा प्रियकर दारात येतो, दोघं जवळ येतात. वादळ सरतं. नवरा आणि मुलगा घरी येतात, ती आनंदाने त्यांना जेवायला वाढते, आणि सगळे सुखात आहेत असं सांगून कथा संपते. ही कथा शोपँने कुठे पाठवलीच नाही. पेर सेयेरस्टेड या नॉर्वेच्या अभ्यासकाने तिचं समग्र साहित्य १९६९ मध्ये काढलं तेव्हा ती पहिल्यांदा छापली गेली. छापायच्या कादंबरीत एडना बुडते आणि खणात ठेवलेल्या कथेत कॅलिक्स्टा मजेत जगते.

पारंबी
एडना बुडते ती शिक्षा म्हणून, हे कुणी सांगितलं? मला तो पराभव वाटतच नाही. अंगावरचे कपडे उतरवून ती पाण्यात जाते. नवरा आणि मुलं आपल्याला, आपल्या जिवाला ताब्यात घेऊ पाहत होती, हा तिच्या मनातल्या शेवटच्या विचारांपैकी एक आहे. शोपँला समीक्षकांना खूश करायचं असतं तर एडनाला रडत नवऱ्याकडे परत पाठवलं असतं आणि पुस्तक खपलंही असतं.

मुक्ता_ठाणे
पारंबी, असहमत. सहा मुलांची आई होती शोपँ, नवरा १८८२ मध्ये गेला, त्यानंतर लिहायला लागली. घर-मुलं सांभाळून जगता येतं हे तिने स्वतः करून दाखवलं होतं. मग एडनालाच का मारलं? १८९४ ची 'द स्टोरी ऑफ ॲन अवर' घ्या. नवरा अपघातात गेल्याची बातमी येते, मिसेस मॅलर्ड खोलीत बसून मोकळ्या श्वासाची चव घेते, आणि नवरा जिवंत दारात उभा राहिल्यावर तिथेच मरते. एका तासाच्या स्वातंत्र्याची किंमत म्हणून जीव. छापील शोपँ बायकांना जगू देत नाही.

पारंबी
ती मरते, पण डॉक्टर म्हणतात आनंदाने मेली, आणि खरं काय ते फक्त वाचकाला माहीत असतं. ते गुपित शोपँने आपल्या हाती दिलंय. मला हे कमी वाटत नाही.

गोदाकाठ
दोघींचं चालू द्या, फार छान चाललंय. ईशान्यासाठी दोन सावधगिऱ्या. एक, 'द अवेकनिंग'वर बंदी आली, ग्रंथालयातून काढली, असं सर्रास लिहिलं जातं. त्याचा पुरावा सापडलेला नाही. प्रकल्पात ते लिहू नकोस. वाईट परीक्षणं खरी, आणि १९०० मध्ये प्रकाशकाने पुढचा कथासंग्रह परत केला हेही खरं. दोन, जीन मुइरचा शेवटही लग्नच आहे. नाव झाकूनसुद्धा अल्कॉटला बाईसाठी दुसरी सुरक्षित जागा सापडली नाही, हेही मांड.

सावरीकापूस
इतका वेळ वाचतेय आणि गोऱ्या बायकांच्या पुढे चर्चा सरकत नाहीये. शेवटचा प्रश्न विचारताय तर हॅरिएट जेकब्जशिवाय तो विचारताच येणार नाही!

'इन्सिडेंट्स इन द लाइफ ऑफ अ स्लेव्ह गर्ल' हे तिचं आत्मकथन, १८६१. नॉर्थ कॅरोलिनातल्या ईडन्टनची गुलाम मुलगी. मालक मागे लागलेला. त्याच्या तावडीतून सुटायला ती आजीच्या घराच्या माळ्यावर लपते. नऊ फूट लांब, सात फूट रुंद, आणि सगळ्यात उंच भागात तीन फूट. उठून उभं राहता येत नाही. उंदीर अंगावरून फिरतात, पावसात छप्पर गळतं. एक गिरमिट हाताला लागतं, त्याने ती भिंतीला भोक पाडते आणि त्यातून खाली खेळणाऱ्या आपल्या मुलांना बघते. मुलांना माहीत नाही आई वर आहे. असं जवळजवळ सात वर्षं.

हे पुस्तक ती कसं संपवते? वाचकाला थेट सांगते की माझी गोष्ट नेहमीसारखी लग्नाने संपत नाही, स्वातंत्र्याने संपते. नेहमीचे शेवट कसे असतात हे तिला पक्कं ठाऊक होतं! आणि अल्कॉटच्या ज्योच्या सात वर्षं आधी हे छापून झालंय.

ईशान्या
सावरीकापूस, अंगावर काटा आला. हे पुस्तक मी यादीतच घेतलं नव्हतं, आता पहिलं हेच.

सावरीकापूस
घेच. आणि तुझ्या 'हात फिरवणाऱ्यां'ची गोष्टही त्यात आहे. आधी स्टोबाईंची मदत घ्यावी असं जेकब्जच्या मनात होतं. स्टोबाईंनी काय केलं, तर तिची हकीकत खरी आहे का हे ती जिच्या घरी नोकरीला होती त्या बाईंना विचारलं, आणि ती आपल्याच पुस्तकात घालायची तयारी दाखवली. जेकब्ज दुखावली आणि स्वतः लिहायला बसली, तीही दिवसभर लोकांची मुलं सांभाळून रात्री. पुढे लिडिया मारिया चाइल्ड ही लेखिका संपादक म्हणून आली. तिच्या सल्ल्याने शेवटचं प्रकरण गळलं. ते जॉन ब्राउनवर होतं, म्हणजे गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचललेल्या माणसावर. त्याऐवजी पुस्तक आजीच्या आठवणीवर संपतं. चाइल्ड तिच्या बाजूची होती, मनापासून मदत करत होती, तरी शेवट बदलला.

आणि वर कडी म्हणजे हे पुस्तक चाइल्डनेच रचलं असावं असं अभ्यासक विसाव्या शतकात बराच काळ धरून चालले. जीन फेगन येलिन यांनी जेकब्जची पत्रं शोधून १९८७ ची आवृत्ती काढली तेव्हा ते मिटलं. १७७३ मध्ये फिलिस व्हीटलीच्या कवितांच्या पुस्तकाला बोस्टनच्या अठरा प्रतिष्ठित पुरुषांनी सही करून दाखला दिला होता, की होय, या कविता या गुलाम मुलीनेच लिहिल्या. काळ्या बाईला आधी हे सिद्ध करावं लागतं की लिहिणारी मी आहे. शेवट मुक्तपणे लिहिणं फार पुढची गोष्ट.

शब्दवेल्हाळ
सावरीकापूस, हा प्रतिसाद वाचून माझं वरचं मत मला थोडं बाजूला ठेवावंसं वाटतंय. व्हीटलीचा दाखला मला माहीत नव्हता. अठरा सह्या!

अबोली२२
आणि गिलमन? तिच्या कथेत तर शेवट डॉक्टरांनी लिहिलाय.

मुक्ता_ठाणे
हो. बाळंतपणानंतर गिलमन खचली होती, तेव्हा वायर मिचेल या नामांकित डॉक्टरांनी तिला सक्तीचा आराम दिला आणि सांगितलं, घरात रमा, आयुष्यात पुन्हा लेखणी-कुंचल्याला हात लावू नका. ती वेडाच्या काठावर गेली, मग सल्ला झुगारून लिहायला लागली आणि सावरली. कथा १८९२ ची. 'अटलांटिक' मासिकाच्या संपादकाने ती परत पाठवली आणि लिहिलं, की मला जितकं वाईट वाटलं तितकं इतरांना वाटायला लावलं तर मी स्वतःला क्षमा करू शकणार नाही. म्हणजे कथा लागू पडली होती! कथेच्या शेवटी भिंतीच्या पिवळ्या कागदामागे नायिकेला दिसणारी बाई बाहेर येते, आणि बेशुद्ध पडलेल्या डॉक्टर नवऱ्याच्या अंगावरून ती रांगत फेऱ्या मारते. ईशान्या 'वेडी होते' म्हणाली, ते बरोबर आहे, पण त्या खोलीत उताणा पडलेला नवरा आहे.

सावरीकापूस
गिलमन वाचताना तिचे वंशवादी लेखही वाचा. काळ्या लोकांबद्दल आणि स्थलांतरितांबद्दल तिने जे लिहिलंय ते झाकून तिला डोक्यावर घेऊ नये.

मुक्ता_ठाणे
अगदी मान्य. कथा शिकवताना ते सांगितलंच पाहिजे.

रानफूल
थोडं अवांतर. आपल्याकडून तिकडे गेलेल्या बायका या लेखिकांच्या काळातच तिथे होत्या. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. आनंदीबाईंचं चरित्र दोनच वर्षांत कॅरोलाइन हीली डॉल या अमेरिकन लेखिकेने लिहिलं. रमाबाईंनी परत येऊन १८८९ मध्ये 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' मराठीत काढलं. त्यात तिथल्या बायकांच्या चळवळी, त्यांच्या संघटना यांवर फार बारकाईने लिहिलंय. अल्कॉटच्या अमेरिकेचं मराठी बाईने केलेलं वर्णन म्हणून ईशान्या, तुला पार्श्वभूमीला चालेल.

गोदाकाठ
रानफूल, याला अवांतर म्हणू नका. गुलामगिरी मोडल्याबद्दल महात्मा फुल्यांनी १८७३ चं 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. तो दुवा फार जुना आहे.

कट्टेकरी
माझ्या बायकोने हा धागा वाचून 'बिहाइंड अ मास्क' सुरू केलंय. आज स्वयंपाक माझ्याकडे. पिठलं जमलंय.

न्यूजर्सीकर
कट्टेकरी, वहिनींना शेवट सांगून टाकल्याबद्दल माफी कळवा!

स्वयंपाकघरावरून आठवलं. सुझन ग्लासपेलची 'ट्रायफल्स' ही १९१६ ची एकांकिका. शेतावरचं घर, नवऱ्याचा झोपेत दोरीने गळा आवळलेला, बायको कोठडीत. वकील आणि शेरीफ पुरावा शोधत घरभर हिंडतात. त्यांच्याबरोबर आलेल्या दोन बायका स्वयंपाकघरात थांबतात. थंडीने फुटलेल्या मुरांब्याच्या बरण्या, अर्धवट पुसलेलं टेबल, गोधडीचे सगळे टाके एकसारखे आणि एका तुकड्यावर अचानक वेडेवाकडे. मग मोडक्या दाराचा पिंजरा. मग शिवणाच्या डब्यात रेशमी कापडात गुंडाळलेला पक्षी, मान पिरगळलेला. पुरुष येता-जाता हसतात, बायकांना क्षुल्लक गोष्टींची काळजी म्हणून. सगळा गुन्हा त्या क्षुल्लक गोष्टींत होता. बायका एकमेकींकडे बघतात आणि पक्षी लपवतात.

ग्लासपेल आधी आयोवात वार्ताहर होती आणि तिने अशाच एका खऱ्या खटल्याच्या बातम्या दिल्या होत्या. १९०१ मध्ये पुरुषांच्या ज्यूरीने त्या बाईला दोषी ठरवलं होतं. तेव्हा बायकांना ज्यूरीत बसताच येत नव्हतं. एकांकिकेत ग्लासपेलने त्या दोघींना न्याय द्यायला बसवलं. खुद्द नायिका रंगमंचावर एकदाही येत नाही आणि तिचा शेवट त्या दोन बायका ठरवतात.

पारंबी
वा. ही घेच ईशान्या. आणि मॅक्सीन हाँग किंग्स्टनचं 'द वुमन वॉरियर' (१९७६). आई सांगते, ही गोष्ट कुणाला सांगायची नाही: चीनमधल्या तुझ्या आत्याने विहिरीत जीव दिला, घराने तिचं नाव टाकलं. मुलगी अमेरिकेत मोठी होते आणि त्या आत्याची गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हांनी पुन्हा रचते. बळजबरी झाली असेल का, की प्रेम असेल? घराण्याने दिलेला शेवट ती मानत नाही.

सावरीकापूस
आणि टोनी मॉरिसन. 'बिलव्हेड' (१९८७) मागे मार्गरेट गार्नरची १८५६ ची खरी घटना आहे: पळालेली आई, पकडायला आलेले लोक, आणि पोर परत गुलामीत जाऊ नये म्हणून आईनेच तिचा घेतलेला जीव. वर्तमानपत्रांनी आणि कोर्टाने तिची गोष्ट आपापल्या सोयीने संपवली. मॉरिसनच्या सेथला शेवटी पॉल डी सांगतो की तुझ्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट तूच, आणि ती विचारते, मी? मला ते दोन शब्दांचं 'मी? मी?' कुठल्याही लग्नापेक्षा मोठं वाटतं. शिवाय मॉरिसन स्वतः रँडम हाउसमध्ये संपादक होती. गेल जोन्स, टोनी केड बंबारा यांची पुस्तकं तिच्या हाताखालून गेली. चाइल्ड ज्या खुर्चीत बसली होती तिथे शंभर वर्षांनी काळी लेखिका बसली.

शब्दवेल्हाळ
मग हर्स्टनचं काय? जेनी परत आली तर लोकांनी स्वागत केलं का?

सावरीकापूस
नाही ना! काळा लेखक रिचर्ड राइट याने १९३७ मध्येच टीका केली, की हे गोऱ्या वाचकांना आवडेल असं लिखाण आहे, यात विषय नाही, संदेश नाही. पुस्तक छपाईबाहेर गेलं. हर्स्टन १९६० मध्ये फ्लोरिडात गरिबीत वारली, कबरीवर दगडही नव्हता. १९७३ मध्ये ॲलिस वॉकर कंबरभर गवतातून कबर शोधत गेली आणि तिने दगड बसवला. जेनीला परत आणणाऱ्या बाईला परत आणायला दुसरी लेखिकाच लागली.

ईशान्या
सगळ्यांचे मनापासून आभार. मार्गदर्शकांशी बोलले. विषय आता असा आवळलाय: जेकब्ज, अल्कॉट, शोपँ या तिघींचे छापलेले शेवट आणि न छापलेले किंवा दुसऱ्या नावाने छापलेले शेवट शेजारी ठेवून वाचायचे. ग्लासपेल चौथ्या प्रकरणात, कारण तिने शेवट ठरवायचा अधिकार पात्रांच्याच हातात दिला. हर्स्टन आणि मॉरिसन इच्छा असूनही बाहेर ठेवल्यात, त्यांना स्वतंत्र प्रकल्प हवा. गोदाकाठ सर, बंदीचं वाक्य माझ्या कच्च्या मसुद्यात होतं, ते काढलं. पारंबी, एडनाबद्दल तुमचं आणि मुक्ताताईंचं दोन्ही घेतेय, पण माझा कल मुक्ताताईंकडे आहे.

पारंबी
कल असू दे. पण शेवटचं प्रकरण पुन्हा एकदा वाच, मग लिही. पंख मोडलेला पक्षी पाण्याकडे खाली येतो, त्यानंतर ती कपडे उतरवते. त्या दोन वाक्यांमध्ये काय होतं ते मला तुझ्या प्रकल्पात वाचायचंय.

अबोली२२
अल्कॉट, जेकब्ज, गिलमन, 'द अवेकनिंग', ही सगळी जुनी पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहेत, ज्यांना हवी त्यांनी उतरवून घ्या. मी जेकब्ज सुरू केलंय, माळ्यापर्यंत आले. ईशान्या, ते गळलेलं जॉन ब्राउनचं प्रकरण कुठे मिळतं का गं?

सावरीकापूस
ते आपल्यापर्यंत पोचलेलंच नाही, अबोली. चाइल्डचं पत्र आहे, त्यावरून ते होतं एवढं कळतं. येलिन यांच्या आवृत्तीत ते पत्र छापलंय, आधी ते वाच.